आधी नाक कुणीकडे ते ठरवा : गाईम्हशींच्या पिट्युटरीत संप्रेरकं शोधताना

पहिल्याच वर्षी मी म्हशींच्या सहा पिट्युटरी, म्हणजे मेंदूच्या तळाशी असणाऱ्या ग्रंथी, वाया घालवल्या. ग्रंथी ताज्या होत्या, फिक्सेटिव्ह, म्हणजे ऊती कुजू न देणारं रसायन, ताजं होतं, सेक्शन म्हणजे मेणात बसवून घेतलेले कापही चांगले पातळ आले होते. मेणात बसवताना आमच्या प्रयोगशाळेतल्या मामांनी एक ग्रंथी चिमट्यात धरून विचारलं होतं, "मॅडम, नाक कुणीकडं हो याचं?" मी म्हटलं, "काय फरक पडतो मामा, लावा कशीही." सहा ग्रंथी सहा वेगवेगळ्या कोनांतून कापल्या गेल्या. एका स्लाइडवर सगळ्या नारिंगी पेशी, दुसरीवर बहुतेक जांभळ्या, तिसरीत मागचा खंडच नाही. मी वहीत लिहून मोकळी झाले की जनावरागणिक फार फरक आढळतो. तो फरक कापण्याच्या कोनाचा होता, हे कळायला पुढचं अख्खं सत्र गेलं.

म्हणून एम.एस्सी. प्राणिशास्त्राची किंवा पशुवैद्यकाची नवी मुलं पिट्युटरी शिकायला येतात तेव्हा मी सूक्ष्मदर्शक सर्वांत शेवटी उघडते. आधी ग्रंथी हातात धरायला शिकवते. इथेही तोच क्रम ठेवला आहे.

नावांचा गोंधळ आधी संपवू. शाळेच्या पुस्तकात हिला पियुषिका ग्रंथी म्हणतात, जुन्या मराठी ग्रंथांत पोष ग्रंथी, आणि प्रयोगशाळेत सगळे पिट्युटरीच म्हणतात. मीही तेच म्हणणार आहे. हार्मोनला मात्र संप्रेरक म्हणेन, कारण तो शब्द आता सगळ्यांच्या तोंडी आहे.

नमुना कशाचा घ्यायचा

पुस्तकांतली आणि जुन्या शोधनिबंधांतली बहुतेक माहिती गाईबैलांच्या ग्रंथीवरची आहे. महाराष्ट्रात १९७६च्या प्राणी संरक्षण कायद्याने गोहत्येला बंदी होती आणि २०१५पासून ती बैल व वळूंनाही लागू झाली. त्यामुळे पुण्यात काम करणाऱ्याच्या हाती कत्तलखान्यातून येते ती म्हशीची किंवा रेड्याची ग्रंथी. गाईची ग्रंथी मिळते ती नैसर्गिकरीत्या मेलेल्या जनावराच्या शवविच्छेदनातून, तीही पशुवैद्यक समोर असताना. दोन्ही जनावरं एकाच गोवंशीय कुळातली. ग्रंथीची ठेवण इतकी मिळतीजुळती आहे की शिकण्यासाठी म्हशीची ग्रंथी उत्तम. फक्त वहीत स्पष्ट लिहा : म्हैस की गाय, नर की मादी, अंदाजे वय, गाभण होती का, दुभती होती की आटलेली. ही शेवटची माहिती विचारायला मुलं लाजतात किंवा विसरतात. पण दुभत्या म्हशीच्या आणि आटलेल्या म्हशीच्या ग्रंथीत पेशींचा तोल वेगळा असतो, तेव्हा ती टिपून घ्याच.

संस्थेच्या जैवसुरक्षा समितीचं पत्र आणि परवानाधारक कत्तलखान्याची लेखी संमती हातात असल्याशिवाय बर्फाची पेटी उचलू नका.

एक गोष्ट ठासून सांगते. लाळ गाळत, विचित्र हंबरत, मागचे पाय लुळे पडत मेलेल्या जनावराची कवटी विद्यार्थ्याने उघडायची नाही. तो रेबीज असू शकतो, आणि आपण हात घालतो तो थेट मेंदूत. अचानक मेलेलं आणि नाकातोंडातून न गोठणारं रक्त आलेलं जनावर तर कुणीच उघडायचं नाही, ती काळपुळी म्हणजे अँथ्रॅक्स असू शकते. धडधाकट जनावराचं डोकं असलं तरी दुहेरी हातमोजे, चष्मा आणि मास्क हवेतच.

कवटीतून ग्रंथी बाहेर काढणं

प्रौढ गाईम्हशीची पिट्युटरी साधारण दोन-अडीच ग्रॅमची, लहान सुपारीएवढी. माणसाची जेमतेम अर्धा ग्रॅम भरते, हरभऱ्याएवढी. म्हणजे नवशिक्यासाठी म्हशीची ग्रंथी किती सोयीची, ते बघा. ती मेंदूच्या तळाशी, कवटीच्या तळहाडातल्या खळग्यात बसलेली असते. वरून मेंदूच्या जाड आवरणाचा पडदा, भोवती बारीक रक्तवाहिन्यांचं दाट जाळं. रवंथ करणाऱ्या प्राण्यांत हे जाळं इतकं भरगच्च असतं की पहिल्यांदा पाहणाऱ्याला तीच ग्रंथी वाटते.

कत्तलखान्यात डोकं मिळतं तेव्हा बहुधा ते कुऱ्हाडीने मधोमध फोडायची पद्धत असते. तसं झालं तर ग्रंथी चिरडते. आधीच सांगून ठेवा, "चाचा, मधोमध नको, वरून झाकणासारखं काढा." ते लोक काम जाणतात, नीट सांगितलं तर हवं तसं करून देतात. स्वतः कापायचं असेल तर बोहरी आळीत मिळणारी छोटी हॅकसॉ पुरते. एकच, तिचं पातं दरवेळी नवं घ्या.

झाकण निघालं की मेंदू मागच्या बाजूने हळूहळू उचलत पुढे या. नसा एकेक करून कापा, ओढू नका. पुढे आल्यावर डोळ्यांच्या नसा एकमेकींना जिथे छेदतात तो पांढरा फुलीसारखा भाग दिसेल. तो ध्यानात ठेवा, कारण तीच पुढची बाजू. त्याच्या लगेच मागे मेंदूतून खाली उतरणारा देठ आहे. तो धारदार कात्रीने शक्य तितका वर, मेंदूजवळ कापा. देठ ओढून तुटला तर देठाभोवतीचा कॉलर, म्हणजे पार्स ट्यूबरॅलिस, मेंदूबरोबर जाते. मग महिनाभर स्लाइडवर ती शोधत बसाल.

आता मामांचा प्रश्न. ग्रंथी खळग्यात असतानाच, हलवण्याआधी, वाकड्या सुईने काळा सुती दोरा पुढच्या बाजूच्या आवरणाच्या कडेतून ओवून गाठ मारा. दोरा म्हणजे नाक. मग टिपकागदाने उजवी कड कोरडी करून तिच्यावर काळ्या चायनीज शाईचा एक ठिपका द्या आणि त्यावर काडीने पातळ ॲसेटिक ॲसिड टिपा, शाई पक्की बसते. एवढं झाल्यावरच आवरण गोल कापून, ग्रंथीला न धरता आवरणाच्या कडेला चिमटा लावून ती उचला. ग्रंथी दहीभातासारखी मऊ असते. एकदा चिमट्यात दाबली गेली की त्या जागच्या पेशी काळपट, लांबट दिसतात आणि कुठलाही रंग खोटा पडतो.

हे सगळं मेल्यानंतर अर्ध्या तासात व्हायला हवं. एप्रिल-मेच्या पुण्यात तर त्याहूनही लवकर. बर्फाची पेटी न्या, पण ग्रंथी बर्फाला चिकटू देऊ नका. गोठली की पेशी फुटतात.

फिक्सेशन आणि काप

मी दोन बरण्या नेते. एकीत बोईन : संतृप्त पिक्रिक ॲसिड ७५ भाग, फॉर्मॅलिन २५ भाग, ग्लेशियल ॲसेटिक ५ भाग. दुसरीत १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन. रंगांसाठी बोईन सरस, अँटिबॉडीसाठी, म्हणजे एकेक संप्रेरक ओळखून त्याला चिकटणाऱ्या प्रथिनांसाठी, बहुतेक वेळा फॉर्मॅलिन बरं. पिक्रिक ॲसिड कधीही कोरडं पडू देऊ नका, कोरडं झालं की त्याचा स्फोट होऊ शकतो. बाटलीच्या झाकणाच्या आट्यांत साचलेली पिवळी पूडही ओल्या फडक्याने पुसून घ्या. पाऱ्याची फिक्सेटिव्हं जुन्या पद्धतींत सापडतील. रंग सुरेख येतात, पण त्या विषाची विल्हेवाट लावायची सोय नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

फॉर्मॅलिन तासाला साधारण एक मिलिमीटर आत शिरतं. अख्खी ग्रंथी तशीच टाकली तर गाभा कुजायला लागतो, आणि आपल्याला गाभाच पाहायचा असतो. तेव्हा दोन तासांनी ग्रंथी जरा घट्ट झाली की नव्या पात्याने एकाच फटक्यात कापा आणि परत २४ तास ठेवा.

कापायची कशी, हा या लेखातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय. मधोमध उभा छेद, म्हणजे नाक ते शेपूट या रेषेत, घेतला की सगळे खंड एका पट्टीत दिसतात, पण बाजूचे पंख सुटतात. आडवा छेद, म्हणजे जमिनीला समांतर, घेतला की गाभा आणि दोन्ही पंख एकाच स्लाइडवर येतात, पण खंडांचा एकमेकांशी संबंध नीट कळत नाही. एका ग्रंथीत दोन्ही जमत नाहीत. म्हणून पहिल्या दिवसापासून किमान दोन ग्रंथी घ्या, एक उभी कापा, एक आडवी. उभ्या छेदाची एक अर्धी बोईनमध्ये, दुसरी फॉर्मॅलिनमध्ये ठेवली तर एकाच जनावरावर दोन्ही पद्धती ताडून पाहता येतात.

मेणात बसवण्याआधी दोरा काढा, नाहीतर मायक्रोटोमच्या, म्हणजे काप घेण्याच्या यंत्राच्या, पात्याला खाच पडते. दोऱ्याच्या जागी ब्लॉकच्या त्याच बाजूला मेणाचा कोपरा तिरका कापून ठेवा. सेक्शन ५ मायक्रॉनचे. उन्हाळ्यात आमच्याकडे दुपारी मेण इतकं मऊ पडतं की रिबन, म्हणजे एकाला एक जोडून निघणारी सेक्शनची पट्टी, चुरगळते. ब्लॉक दहा मिनिटं बर्फावर ठेवा किंवा सरळ सकाळी सातला कापायला बसा. ग्रंथी १५ मिलिमीटर रुंद धरली तर ५ मायक्रॉनने ३००० सेक्शन होतात. एवढे कुणी रंगवत नाही. दर शंभरावा उचला. अर्ध्या मिलिमीटरच्या अंतराने ३० स्लाइड होतात आणि ग्रंथीचा पूर्ण नकाशा हाती येतो. मधले रिबन टाकू नका, क्रमांक घालून डब्यात ठेवा.

नकाशा : कुठल्या खंडात काय

उभा छेद हातात घ्या आणि रंग देण्याआधीच नुसत्या डोळ्यांनी बघा. ताज्या ग्रंथीत खाली-पुढे तांबूस तपकिरी मोठा भाग दिसतो, तो पार्स डिस्टॅलिस, म्हणजे पुढचा खंड. वर-मागे पांढरट राखाडी भाग, तो पार्स नर्व्होसा, म्हणजे मागचा खंड. दोघांच्या मध्ये एक वाकडी फट. गर्भावस्थेत तोंडाच्या छतातून वर गेलेल्या पिशवीचा तो अवशेष. फटीच्या मागच्या भिंतीला, पार्स नर्व्होसाला चिकटून, एक पातळ पट्टा आहे, तो पार्स इंटरमीडिया. माणसाच्या पुस्तकातलं चित्र इथे फसवतं. प्रौढ माणसात हा मधला खंड जवळजवळ उरलेला नसतो, गाईम्हशींत तो चांगला ठसठशीत असतो.

फटीत डोकावणारा एक शंकूसारखा उंचवटाही दिसेल. तो मधल्या खंडाच्या बाजूने येतो, पण त्यातल्या पेशी मात्र पुढच्या खंडासारख्या दिसतात. रोझालिंड वुल्झेन यांनी १९१४ साली बैलाच्या ग्रंथीत त्याचं वर्णन केलं, म्हणून तो वुल्झेनचा शंकू. दरवर्षी एक तरी मूल त्याला पुढच्या खंडाचा तुटलेला तुकडा समजून वहीत 'सेक्शन फाटला' असं लिहितं. फाटलेला नाही, तो तसाच असतो.

पार्स डिस्टॅलिस हे सगळ्यात गजबजलेलं ठिकाण. इथे पाच जातींच्या संप्रेरक-पेशी राहतात : वाढीचं संप्रेरक बनवणाऱ्या, दुधाशी संबंधित प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या, थायरॉइडला चालना देणारं टीएसएच बनवणाऱ्या, एफएसएच आणि एलएच ही प्रजननाची दोन्ही संप्रेरकं बनवणाऱ्या, आणि अधिवृक्क ग्रंथीला जागं करणारं एसीटीएच बनवणाऱ्या. पहिल्या दोन जाती आम्लरंगी, म्हणजे नारिंगी रंग घेणाऱ्या. टीएसएच आणि प्रजनन संप्रेरकांच्या पेशी आम्लारिरंगी, म्हणजे जांभळट-किरमिजी दिसणाऱ्या.

आणि या पाची जाती गव्हात खडे मिसळावेत तशा सगळीकडे सारख्या पसरलेल्या नसतात. गोवंशीय ग्रंथीत आम्लरंगी पेशींची गर्दी कडेला, पंखांत असते, आणि आम्लारिरंगी पेशींचा भर मधल्या गाभ्यात. ही विभागणी इतकी ठळक आहे की १९२३ साली फिलिप स्मिथ आणि आयरीन स्मिथ यांनी तिचाच उपयोग केला. त्यांनी बैलांच्या ग्रंथीचा कडेचा भाग आणि गाभा वेगवेगळा काढला आणि पिट्युटरी काढून टाकलेल्या बेडकाच्या पिल्लांना तो दिला. कडेच्या भागाने पिल्लं वाढली, गाभ्याने त्यांची थायरॉइड जागी झाली. अँटिबॉडीचा पत्ता नव्हता, संप्रेरकांची रेणुरचना कुणाला ठाऊक नव्हती, तरी नुसत्या सुरीने आणि बेडूकपिल्लांनी 'कुठे काय' याचं उत्तर मिळालं. बैलाचीच ग्रंथी का चालली? ती मोठी आहे आणि तिचे भाग डोळ्यांनी ओळखून वेगळे करता येतात. उंदराच्या ग्रंथीत हे जमलं नसतं. पुढे १९४४ साली चो हाओ ली आणि हर्बर्ट इव्हान्स यांनी वाढीचं संप्रेरक शुद्ध करून काढलं तेही गोवंशीय ग्रंथींतूनच.

माझ्या सहा ग्रंथींचं कोडं इथेच सुटतं. पंखातून गेलेला छेद नारिंगी, गाभ्यातून गेलेला जांभळा.

मधला खंड दिसायला एकसुरी, पण विचार करायला लावणारा. त्यातल्या पेशी पीओएमसी नावाचं एक लांबलचक प्रथिन बनवतात. पुढच्या खंडातल्या एसीटीएच-पेशीही नेमकं तेच प्रथिन बनवतात. फरक कापण्यात आहे. पुढच्या खंडात ते एसीटीएचपाशी तुटून थांबतं, मधल्या खंडात एसीटीएचचेही आणखी तुकडे होतात आणि अल्फा-एमएसएच हे वेगळंच संप्रेरक तयार होतं. ३९ अमिनो आम्लांच्या एसीटीएचमधली पहिली १३ म्हणजे अल्फा-एमएसएच. या प्रथिनाचं पूर्ण वाचन १९७९ साली क्योटोत शिगेतादा नाकानिशी आणि शोसाकु नुमा यांच्या गटाने केलं, गाईबैलांच्या मधल्या खंडातलाच आरएनए वापरून.

देठाभोवतीच्या पार्स ट्यूबरॅलिसकडे नवशिके बघतही नाहीत. मेंढ्यांत या भागात मेलाटोनिन या रात्री स्रवणाऱ्या संप्रेरकाचे ग्राहक, म्हणजे त्याला पकडणारी प्रथिनं, दाटीने सापडले आहेत; दिवस लहान झाला की मोठा, ही खबर इथे पोचते. म्हशी दिवस लहान होऊ लागल्यावर, पावसाळा सरता सरता आणि थंडीत जास्त माजावर येतात हे गोठ्यातल्या कुणालाही विचारा. म्हणून म्हशीच्या ग्रंथीत हा कॉलर शाबूत ठेवायचा माझा एवढा आग्रह.

मागचा खंड आणि पान्हा

आता पार्स नर्व्होसा. इथे मुलांची सर्वांत मोठी चूक होते, म्हणून जरा थांबते.

पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या एका गोठ्यात पहाटे मुलांना नेते. गवळी कास कोमट पाण्याने धुतो, रेडकू क्षणभर लावतो, दूर करतो आणि थांबतो. घाई करत नाही. मिनिटा-दोन मिनिटांत सड टरारतात, म्हैस पान्हा सोडते आणि बादलीत पहिली धार वाजते. अनोळखी माणसं बघून म्हैस बुजली तर मात्र तो आम्हाला बाहेर काढतो, "तुमच्यापायी दूध चोरायली बघा." त्या मिनिटभरात काय झालं? सडाचा स्पर्श नसांतून मेंदूत गेला, पिट्युटरीच्या मागच्या खंडातून ऑक्सिटोसिन रक्तात सुटलं, कासेत पोचलं आणि दुधाच्या पिशव्यांभोवतीच्या पेशी आवळल्या.

मग मी विचारते, ऑक्सिटोसिन कुठे बनलं? सगळे म्हणतात, मागच्या खंडात. तिथे ते फक्त साठवलेलं असतं. बनतं वर, देठाच्या वरच्या हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागातल्या चेतापेशींत. त्या पेशींचे लांब तंतू देठातून खाली उतरतात, त्यांच्यातून संप्रेरक वाहत येतं आणि तंतूंच्या टोकांत थांबून राहतं. मागच्या खंडात संप्रेरक बनवणारी एकही पेशी नाही. तिथे आहेत ते तंतू, आधार देणाऱ्या पिट्युसाइट पेशी, केशवाहिन्या, आणि तंतू जिथे साठ्याने फुगलेले असतात ते हेरिंग पिंड. पाणी राखणारं व्हासोप्रेसिनही असंच वरून येतं. दोन्ही फक्त नऊ अमिनो आम्लांची आणि त्यांच्यात फरक दोनच जागांचा. ऑक्सिटोसिनची रचना उलगडून ते प्रयोगशाळेत बनवण्याच्या कामासाठी व्हिन्सेंट द्यु व्हिन्यो यांना १९५५चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

म्हणून वहीत 'ऑक्सिटोसिनचं स्थान : मागचा खंड' एवढंच लिहू नका. 'साठा' असा शब्द जोडा. कुठे आहे आणि कुठे बनतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

रंग

पहिला रंग पीएएस-ऑरेंज जी. मेण काढून पाण्यात आणलेला सेक्शन १ टक्का पिरिऑडिक ॲसिडमध्ये दहा मिनिटं, धुवून शिफ रिएजंटमध्ये पंधरा-वीस मिनिटं, मग वाहत्या नळाखाली दहा मिनिटं. केंद्रकांना हिमॅटोक्सिलिन. शेवटी ५ टक्के फॉस्फोटंगस्टिक ॲसिडमध्ये विरघळवलेलं २ टक्के ऑरेंज जी, फक्त दहा सेकंद, आणि फिका पिवळेपणा राहीपर्यंत धुणं. नळाखालच्या त्या दहा मिनिटांत किरमिजी रंग खुलतो, तिथे काटकसर करू नका. पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं तर बहुधा गुरुवारी ठेवतात, तेव्हा हा रंग गुरुवारी लावायला घेऊ नका.

वाळलेली स्लाइड खिडकीच्या उजेडात धरा. आडव्या छेदात कडा नारिंगी-पिवळ्या आणि मधोमध किरमिजी छटा, सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसते. हे पहिल्यांदा पाहताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

पण रंग म्हणजे संप्रेरक नव्हे. पीएएस साखर जोडलेल्या प्रथिनांना पकडतं. टीएसएच, एफएसएच, एलएच तशी आहेतच, पण पीओएमसीवरही साखर असते, म्हणून एसीटीएच-पेशी आणि मधला खंडही किरमिजी होतो. फटीत साचलेला घट्ट द्रवही होतो. त्याला पेशी समजू नका. मागच्या खंडासाठी अल्डिहाइड फुक्सिन वापरा, हेरिंग पिंड गडद जांभळे उठून दिसतात. तो रंगसुद्धा ऑक्सिटोसिनला बसत नाही, त्याच्याबरोबर येणाऱ्या न्यूरोफायसिन या गंधकयुक्त वाहक प्रथिनाला बसतो.

अँटिबॉडी

नेमकं संप्रेरक ओळखायचं तर अँटिबॉडी हवी. क्रम नेहमीचा : सायट्रेट बफर, पीएच ६, ९५ अंशांना वीस मिनिटं, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड दहा मिनिटं, सीरमने ब्लॉकिंग, म्हणजे नको तिथे चिकटण्याच्या जागा झाकणं, संप्रेरकाला चिकटणारी प्राथमिक अँटिबॉडी ४ अंशांना रात्रभर, तिला चिकटणारी दुसरी अँटिबॉडी, मग डीएबी या रसायनाने तपकिरी रंग. डीएबी कर्करोगकारक असल्याचा संशय आहे, हातमोज्याशिवाय बाटलीला हात लावू नका.

गोवंशीय ऊतीवर काम करताना चार खड्डे आहेत आणि प्रत्येकात कुणी ना कुणी पडलेलं मी पाहिलं आहे. शेळीत किंवा मेंढीत बनवलेली प्राथमिक अँटिबॉडी घेऊ नका. तिला ओळखणारी दुसरी अँटिबॉडी म्हशीच्या स्वतःच्या रक्तातल्या अँटिबॉडींनाही चिकटते आणि सगळा सेक्शन तपकिरी होतो. सशात बनवलेली घ्या. टीएसएच, एफएसएच, एलएच यांची अल्फा साखळी एकच आहे, तेव्हा बीटा साखळीविरुद्धचीच अँटिबॉडी मागवा. वाढीचं संप्रेरक आणि प्रोलॅक्टिन एकाच घराण्यातली, १९१ आणि १९९ अमिनो आम्लांची; एकाची अँटिबॉडी दुसऱ्याला लागत नाही ना, हे तपासा. आणि एसीटीएचची अँटिबॉडी मधल्या खंडात लागली म्हणून तिथे एसीटीएच आहे असं लिहू नका, ती पीओएमसीला किंवा तिच्या तुकड्याला लागलेली असू शकते.

प्रत्येक खेपेला तीन जादा स्लाइड लावा. एकीवर प्राथमिक अँटिबॉडी नाही, एकीवर शुद्ध संप्रेरक मिसळून आधीच निकामी केलेली अँटिबॉडी, आणि एक आधी खात्रीने चाललेली जुनी स्लाइड. या तिन्ही नसतील तर तपकिरी रंगाबद्दल मी मुलांशी बोलतही नाही.

आणखी एक. अँटिबॉडी साठा दाखवते. जी पेशी बनवलेलं सगळं लगेच रक्तात सोडते आहे, ती फिकी दिसेल आणि आळशी वाटेल. दुभत्या म्हशीची ग्रंथी वाचताना हे डोक्यात असू द्या. निर्मिती पाहायची तर त्या संप्रेरकाचा आरएनए शोधणारी इन सिटू पद्धत लागते, आणि ती शिकायला वेगळं सत्र द्यावं लागतं.

वाचन

४ एक्स भिंग लावा आणि कमीत कमी अर्धा तास ते बदलू नका. कागदावर ग्रंथीची बाह्यरेषा हाताने काढा, फट काढा, शंकू काढा, तिरक्या कोपऱ्यावरून पुढची बाजू आणि शाईच्या ठिपक्यावरून उजवी बाजू लिहा. मग रेषांनी चौकोन पाडा. आता १० एक्सला जाऊन प्रत्येक चौकोनात गर्दी जास्त, मध्यम की विरळ ते भरा. ४० एक्स फक्त मोजणीसाठी, आणि मोजायचं ते आधी ठरवलेल्या चौकोनांत. सुंदर दिसणारा भाग निवडून मोजला की आकडे हवे तसे येतात.

फोटो प्रत्येकजण काढतो, पण फोटोत ग्रंथीची कड आली नाही तर तो पंख आहे की गाभा हे महिन्याने तुमचं तुम्हालाच सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक फोटोच्या नावात चौकोनाचा क्रमांक घाला. स्लाइडच्या लेबलवर पेन्सिलीने, शाईने नव्हे, कारण अल्कोहोलमध्ये शाई जाते : जनावर, ग्रंथीचा क्रमांक, छेदाची दिशा, सेक्शनचा क्रमांक. आणि त्याखाली एक छोटा बाण. आमच्याकडे त्या बाणाला सगळे 'नाक' म्हणतात, आणि बाण नसलेली स्लाइड मामा रॅकमध्ये ठेवून घेत नाहीत.